छायाचित्र-अनुरेखन

छायाचित्र-अनुरेखन : छायाचित्रातील आकृतींच्या कडा व त्यांतील महत्त्वाच्या अंतर्रेषा पारदर्शक कागदाच्या, प्रकाशाच्या किंवा प्रक्षेपकाच्या साहाय्याने दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवून घेण्याचे व त्या आधारे चित्र पूर्ण करण्याचे तंत्र. जाहिराती, वेष्टने, दिनदर्शिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, चित्रपटांची भित्तिपत्रके, पाठ्यपुस्तकांतील आकृत्या आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका अशा उपयोजित कलेच्या बहुतेक शाखांत हे तंत्र वापरले जाते. बांधकाम, पाटबंधारे, नगररचना इ. शासकीय खात्यांत ‘अनुरेखक’ या नावाचे पद असते. तथापि अनुरेखकाचे काम मूळ नकाशाची बिनचूक प्रत काढणे एवढेच असते. चित्रकाराला मात्र छायाचित्रातील असंख्य तपशिलांतून काय घ्यावे व काय वगळावे, हे ठरवावे लागते. या निवडीमुळेच छायाचित्र-अनुरेखन हे निव्वळ नकलेपासून वेगळे होते. ही निवड जेथे होत नाही, तेथे ते नक्कलच ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : चित्राचा खाका उतरवून घेण्याची पद्धत छायाचित्रणाहून फार जुनी आहे. भारतातील लघुचित्रकार हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चित्राच्या रेषा उतरवून घेत. त्यास ‘चरबा’ म्हणत. या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडून त्यांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली, की खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृती उमटे. महाराष्ट्रात छिद्रे पाडलेल्या कागदावरून रांगोळी काढण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

यूरोपात कॅमेरा ऑब्स्क्यूरा या साधनाने समोरच्या दृश्याची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडून ती गिरवता येई. टॉमस व विल्यम डॅन्यल या इंग्रज चित्रकारांनी १७८६–९४ या काळातील आपल्या भारतप्रवासात वास्तूंच्या चित्रणासाठी या साधनाचा उपयोग केला. १८०६ मध्ये विल्यम हाइड वुलस्टन यांनी कॅमेरा ल्यूसिडा या लोलकयुक्त साधनाचे एकस्व मिळविले. १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराच्या काठी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांना या साधनाने समाधानकारक रेखाटन जमेना, तेव्हा प्रकाशाची प्रतिमा कागदावर आपोआप कायम व्हावी, ही कल्पना त्यांना सुचली. त्यातून पुढे त्यांची छायाचित्रणपद्धती निघाली. म्हणजे अनुरेखनातील अडचण हे छायाचित्रणाच्या शोधाचे एक निमित्त होते. जुन्या यूरोपीय चित्रकारांनीही भिंगे व आरसे मोठ्या प्रमाणावर वापरले असावेत, असे मत डेव्हिड हॉकनी यांनी २००१ मध्ये मांडले. त्याविषयी कलेतिहासकारांत मतभेद आहेत.

छायाचित्रणाची घोषणा १८३९ मध्ये झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. परंतु छायाचित्र वृत्तपत्राच्या पानावर अक्षरांबरोबर छापण्याची सोय त्यावेळी नव्हती. छापण्यासाठी छायाचित्राचे रेषांत रूपांतर करणे भाग असे. १८६० नंतर लाकडी ठोकळ्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन त्यावर छायाचित्र उतरविण्याची व कोरक्याने त्याच प्रतिमेवरून ठसा कोरण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या एका पद्धतीत फिकट छापलेल्या छायाचित्रावरच जलाभेद्य काळ्या शाईने रेखाटन करीत व नंतर रसायनाने छायाचित्रातील चांदीची प्रतिमा विरंजित करून टाकीत. मागे केवळ शाईचे रेखाचित्र उरे व त्यावरून जस्ताचा ठसा करता येई. १८८० नंतरच्या दशकांत हाफटोन ठशांचा प्रसार झाल्यावर छायाचित्र थेट छापणे शक्य झाले. त्यामुळे अनुरेखनाची मूळ गरज संपली. तंत्र मात्र टिकले. छायाचित्राहून निराळे, अधिक सुबोध किंवा अधिक आकर्षक असे काही हवे असेल, तेव्हा त्याचा उपयोग होऊ लागला.

महाराष्ट्रातील उपयोग : राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिलामुद्रणाचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. व्यक्तिचित्रांसाठी रविवर्मा छायाचित्रांचा आधार घेत. रंगीत शिलामुद्रणाची सारी प्रक्रियाच अनुरेखनावर उभी असते. मूळ चित्रावर जिलेटिनाचा पारदर्शक पत्रा ठेवून त्यावर सुईने रेषा कोरतात, त्या ओरखड्यांत लाल भुकटी भरतात आणि तो खाका प्रत्येक रंगाच्या स्वतंत्र शिळेवर उतरवितात. एका चित्राला जितके रंग, तितक्या शिळा. आणि सर्व शिळांवरील खाका तंतोतंत जुळला, तरच चित्र जुळून येते.

चित्रपटव्यवसायाच्या वाढीबरोबर भित्तिपत्रके व रस्त्यावरील प्रचंड फलक यांची मागणी वाढली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे दिग्दर्शक आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. १९३० नंतरच्या दशकात म. फि. हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविण्याचे काम केले. अशा फलकांसाठी चित्रपटातील प्रसंगांची लहान छायाचित्रे पुरविली जात व ती चौकोन पाडून किंवा रात्री प्रक्षेपकाने कापडावर पाडून मोठी केली जात.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यापारी कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे सर ज. जी. उपयोजित कला संस्था उदयास आली. नियतकालिकांच्या व दिनदर्शिकांच्या क्षेत्रात दीनानाथ दलाल (१९१६–७१), रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) व एस्. एम्. पंडित (१९१६–९३) यांनी नाव मिळविले. त्या काळातील शिक्षणाचा भर प्रत्यक्ष नमुन्यावरून रेखाटन करण्यावर होता. शरीररचना, यथादर्शन व छायाप्रकाश यांचा पाया पक्का झाल्यावरच छायाचित्राचा आधार घ्यावा, असा संकेत होता. या संकेतामागील कारण नैतिक कमी व व्यावहारिक अधिक आहे. ज्याला हात काढता येत नाही, त्याला छायाचित्रातील हाताच्या कोणत्या रेषा हाडांच्या, कोणत्या सुरकुत्यांच्या व कोणत्या केवळ सावलीच्या, हे ओळखता येत नाही.

साधने व कृती : सर्वांत साधी पद्धत म्हणजे छायाचित्रावर ट्रेसिंग कागद चिकटवून कठीण शिसपेन्सिलीने रेषा काढणे. नंतर कागदाच्या मागील बाजूस मऊ शिसे घासून किंवा मध्ये कार्बन कागद ठेवून तो खाका चित्राच्या जाड कागदावर उतरवितात. दुधी काचेखाली दिवा असलेल्या प्रकाशपेटीवर छायाचित्र ठेवले, तर जाड कागदावरही थेट अनुरेखन करता येते.

आकार बदलायचा असल्यास चौकोनपद्धती सोयीची ठरते. उदा., ३० × २० सेंमी. छायाचित्रावर १ सेंमी. बाजूचे चौकोन पाडल्यास एकूण ६०० चौकोन होतात. ३ × २ मी. फलकावर १० सेंमी. बाजूचे तितकेच चौकोन आखून प्रत्येक चौकोनातील रेषा त्याच्या जोडीच्या चौकोनात काढली, की आकृती लांबी-रुंदीत दहापट व क्षेत्रफळात शंभरपट मोठी होते. अपारदर्शक छायाचित्राची प्रतिमा पडद्यावर पाडणारा एपिस्कोप हे याच कामाचे जलद साधन होय. नॉर्मन रॉकवेल (१८९४–१९७८) हे अमेरिकन चित्रकार १९३५ च्या सुमारापासून नमुनाव्यक्तींची छायाचित्रे काढवून घेत व अशाच प्रक्षेपकाने ती कागदावर उतरवीत. चलच्चित्राच्या एकेका चौकटीवरून रेखाटन करण्याच्या ‘रोटोस्कोप’ या साधनाचे एकस्व माक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले.

खाका उतरल्यानंतरचे काम शैलीनुसार बदलते. टाक व शाईच्या रेखाटनात छायाचित्रातील करड्या छटांचे रूपांतर रेघोट्यांत किंवा ठिपक्यांत करावे लागते. खरवडफळ्यावर काळ्या शाईचा थर टोकदार हत्याराने खरवडून पांढऱ्या रेषा काढतात. वृत्तपत्राच्या हलक्या कागदावर हाफटोन चित्र पुसट उमटत असे, पण खरवडफळ्यावरील चित्र ठसठशीत छापले जाई. म्हणून वृत्तपत्रीय जाहिरातींत ही पद्धत अनेक वर्षे लोकप्रिय होती. एअरब्रशच्या कामात अनुरेखनावरून कापलेले कागदी मुखवटे वापरून छटांचे मृदू संक्रमण साधतात.

संगणकाच्या आगमनानंतर कागदाची जागा पारदर्शक ‘थरां’नी घेतली. १९८७ मध्ये निघालेल्या ॲडोबी इलस्ट्रेटर या आज्ञावलीत आयात केलेली प्रतिमा खाली ठेवून तिच्यावर वक्ररेषा काढण्याची सोय मुळापासून होती. पुढे प्रतिमेच्या कडा आपोआप शोधणाऱ्या आज्ञावली आल्या. मात्र त्यांना दिसतो तो केवळ छटांमधील फरक. काळा सदरा व काळी पार्श्वभूमी यांमधील कड त्यांना सापडत नाही, आणि भिंतीवरील डागाभोवती मात्र त्या तत्परतेने रेषा काढतात.

भिंगाची दृष्टी व डोळ्याची दृष्टी : अनुरेखनातील बहुतेक दोष ‘छायाचित्र म्हणजे सत्य’ या समजुतीतून उद्भवतात. पालघर तालुक्यातील सातपाटी या मासेमारीच्या गावी किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचे चित्र एखाद्या लेबलासाठी हवे आहे, असे समजू. होडीची लांबी १० मी. असून नाळेपासून १·५ मी. अंतरावर उभे राहून छायाचित्र घेतले, तर वरामाचे टोक कॅमेऱ्यापासून ११·५ मी. दूर पडते. वस्तूची प्रतिमा अंतराच्या व्यस्त प्रमाणात लहान होत असल्याने सारख्या उंचीचे भाग नाळेकडे वरामापेक्षा सु. पावणेआठपट मोठे दिसतात. हेच छायाचित्र २० मी. अंतरावरून घेतल्यास हे प्रमाण केवळ दीडपट उरते. पहिल्या छायाचित्राचे प्रामाणिक अनुरेखन केले, तर होडी फुगलेल्या माशासारखी दिसेल व ती रोज हाताळणारा कोळी ते चित्र पाहून हसेल. छायाचित्र पाहताना आपण अशी विकृती नकळत समजून घेतो. रेखाचित्रात तीच चित्रकाराची चूक म्हणून डोळ्यांत भरते.

दुसरा दोष कडांचा. छायाचित्रात होडीचे दोर, मागील घरांची छपरे व किनाऱ्यावरील माणसे यांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या असतात. सगळ्या रेषा सारख्याच जाडीने उतरविल्या, तर जवळचे व दूरचे यांतील भेद नाहीसा होतो. म्हणून बाह्यरेषा जाड, अंतर्रेषा बारीक आणि दूरच्या रेषा तुटक ठेवण्याची प्रथा आहे. तिसरा दोष सावलीचा. गडद सावलीत कॅमेऱ्याला काहीच दिसत नसल्याने तेथे रचना कशी आहे, हे चित्रकाराला स्वतंत्रपणे माहीत असावे लागते. चौथा दोष गतीचा होय. धावणारा माणूस छायाचित्रात ज्या क्षणी गोठतो, तो क्षण पुष्कळदा धावण्याचा वाटत नाही. या चारही दोषांवरील उपाय एकच : एकाऐवजी अनेक छायाचित्रे वापरणे, वस्तू प्रत्यक्ष पाहणे आणि अनुरेखनाला अंतिम चित्र न मानता मोजमापाचा आधार मानणे.

औद्योगिक रेखाटन : छायाचित्राहून रेखाचित्र सरस ठरते, असे सर्वांत निर्विवाद क्षेत्र म्हणजे यंत्रांचे व सुरक्षिततेचे चित्रण. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व पुढे बोईसरलगत तारापूर औद्योगिक क्षेत्र विकसित झाले. तारापूर येथील अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजउत्पादन सुरू झाले. रसायने, औषधे, कापड, पोलाद इत्यादींचे कारखाने एकवटलेल्या अशा क्षेत्रात झडपा, पंप, नळजोड व अभिक्रियापात्रे यांच्या माहितीपुस्तिका आणि धोक्याच्या सूचना देणारे तक्ते यांची गरज मोठी असते. नळांच्या जंजाळात नेमकी कोणती झडप बंद करावयाची, हे छायाचित्रात चटकन उमगत नाही. त्याच छायाचित्रावरून केलेल्या रेखाटनात शेजारचे नळ फिके ठेवून ती एकच झडप ठळक करता येते. आवरण कापून आतील भाग दाखविता येतो. सुटे भाग त्यांच्या अक्षावर ओळीने मांडता येतात. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या व निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या कामगारांना असे चित्र शब्दांवाचून समजते. येथे रेषेतील चूक ही सौंदर्याची हानी नसून जिवाची हानी ठरू शकते. म्हणून अशा रेखाटनाची यंत्र चालविणाऱ्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

चित्रकाराच्या साहित्याशीही या क्षेत्राचा संबंध आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या उत्पादनापासून सुरू केलेल्या व पुढे कॅम्लिन या नावाने प्रसिद्धी पावलेल्या उद्योगाचा कारखाना तारापूर औद्योगिक क्षेत्रात उभा राहिला. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या व व्यावसायिक चित्रकारांच्या हाती या उद्योगाचे रंग व शाई पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

वारली चित्रे व अनुरेखन : ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात छायाचित्राचा कोणताही आधार न घेणारी एक समृद्ध चित्रपरंपरा आहे. डहाणू, तलासरी, जव्हार इ. तालुक्यांतील वारली घरांत लग्नप्रसंगी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात व त्यात पालघट देवीची आकृती काढतात. या चित्रांत माणसाचे धड टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे असते. यथादर्शन व छायाप्रकाश यांना तेथे स्थान नसते. जवळ-दूर याऐवजी वर-खाली व आत-बाहेर अशी मांडणी असते. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर येऊ लागली. गंजाड (ता. डहाणू) येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी त्यांना देशोदेशी पोहोचविले, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

लोकप्रियतेबरोबर या चित्रांच्या छायाचित्रांचेच अनुरेखन होऊ लागले. साड्या, पेले, भेटकार्डे व भिंतींवरील सजावट यांसाठी तारपानृत्यातील माणसे स्टेन्सिलने उतरविली जातात. मूळ चित्रात नर्तकांची साखळी तारपा वाजविणाऱ्याभोवती वळत जाते व प्रत्येक आकृतीचा कल शेजारच्या आकृतीवर अवलंबून असतो. अनुरेखनात एकच माणूस सुटा काढून रांगेत पुनःपुन्हा छापला, की आकार तोच राहतो, पण नाच थांबतो. शिवाय जिच्या चित्रातून ती रेषा घेतली, त्या व्यक्तीचे नाव वा मोबदला यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो. वारली चित्रांना भौगोलिक निर्देशन लाभले आहे. मात्र ते नावाच्या व उगमाच्या संरक्षणासाठी असते. विशिष्ट चित्रकाराने काढलेल्या विशिष्ट चित्राचे संरक्षण प्रतिलिप्यधिकाराच्या कायद्याने होते.

कायदा व व्यावसायिक नीती : भारताच्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार छायाचित्र ही कलाकृती होय. तिच्या कलात्मक दर्जावर हे संरक्षण अवलंबून नसते. कलाकृतीची किंवा तिच्या महत्त्वाच्या भागाची कोणत्याही भौतिक स्वरूपात पुनर्निर्मिती करण्याचा अधिकार स्वामीला असतो. त्यामुळे माध्यम बदलले, म्हणजे कॅमेऱ्याऐवजी कुंचला आला, एवढ्याने अनुरेखन निर्दोष ठरत नाही. पूर्वी छायाचित्रांसाठी संरक्षणाची मुदत प्रकाशनापासून मोजली जाई. २०१२ च्या दुरुस्तीने ही वेगळी तरतूद रद्द झाली व इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत छायाचित्रांनाही लागू झाली. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. अधिकार विकल्यानंतरही कर्त्याचा नामनिर्देशाचा हक्क अबाधित राहतो. कल्पनेवर मात्र कोणाचीच मालकी नसते. आर्. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. सूर्यास्ताच्या वेळी होडी ओढणारे कोळी ही कल्पना कोणीही चित्रित करावी. परंतु एका छायाचित्रकाराने निवडलेला कोन, क्षण व चौकट जशीच्या तशी उचलणे ही वेगळी गोष्ट होय.

अमेरिकेतील दोन प्रकरणे या संदर्भात उद्‌बोधक आहेत. शेपर्ड फेअरी यांनी २००८ मध्ये बराक ओबामा यांचे गाजलेले भित्तिपत्रक एका वृत्तसंस्थेसाठी २००६ मध्ये काढलेल्या छायाचित्रावरून केले होते. तो वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला. अँडी वॉरहॉल यांनी लिन गोल्डस्मिथ यांच्या १९८१ च्या छायाचित्रावरून प्रिन्स या गायकाची चित्रे केली होती. त्यांपैकी एक चित्र २०१६ मध्ये नियतकालिकाला वापरण्यास देण्याबाबतच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये छायाचित्रकर्तीच्या बाजूने निर्णय दिला. दोन्ही कृतींचा व्यापारी हेतू सारखाच असेल, तर केवळ शैली निराळी असणे पुरेसे नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ होय.

व्यवहारात सुरक्षित मार्ग सोपे आहेत : छायाचित्र स्वतः काढणे, परवानगी घेऊन वापरणे, मुदत संपलेली छायाचित्रे निवडणे किंवा अनेक छायाचित्रांचा अभ्यास करून नवी रचना करणे. छायाचित्रातील व्यक्ती ओळखू येत असल्यास जाहिरातीसाठी तिचीही संमती घेणे इष्ट असते.

मूल्यमापन : अनुरेखन हे कौशल्याच्या अभावावरील पांघरूण आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. सतत अनुरेखनावर विसंबणाऱ्याच्या आकृती ताठर होतात, कारण अशी रेषा वस्तूच्या आकलनातून न निघता कडेच्या मागोमाग ओढली जाते. उलट ज्याचा हात प्रत्यक्ष रेखाटनाने तयार झालेला आहे, त्याच्यासाठी अनुरेखन हे वेळ वाचविणारे व प्रमाण अचूक राखणारे साधन ठरते. मुदतीत बांधलेल्या व्यापारी कामात या दोन्ही गोष्टींचे मोल असते. शिक्षणातही ते मर्यादित प्रमाणात उपयुक्त आहे : विद्यार्थ्याने आधी नजरेने रेखाटन करावे, मग त्याच छायाचित्राचे अनुरेखन करावे व दोन्ही एकावर एक ठेवून पाहावे. रेषा जेथे जुळत नाहीत, तेथे आपल्या निरीक्षणातील उणीव त्याला कळते. आणि पुष्कळदा भिंगाने केलेली विकृतीही तेथेच सापडते.